डॉक्टरप्रभू राउंडला आले

“डॉक्टरप्रभू राउंडला आले.”

हे वाक्य वाचलं आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. दुसरं प्रूफ वाचायला बसले होते. प्रूफ म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी चुका काढायला येते ती कागदी प्रत. पहिलं प्रूफ मी तपासून दिलं होतं. दुसऱ्यात आपल्या खुणा नीट उतरल्यात का एवढंच बघायचं असतं. आणि इथे माझे साधे डॉक्टरसाहेब परस्पर डॉक्टरप्रभू झाले होते. आधी वाटलं, पानं लावणाऱ्या ऑपरेटरच्या ओळखीत कुणी डॉक्टर प्रभू असतील, सवयीनं हात गेला असेल. पान उलटलं. तिथे ‘मोठे प्रभू’ जेवायला गेले होते. पुढच्या पानावर खिडकीतला कारकून एका बाईला सांगत होता, “प्रभू रजेवर आहेत, सोमवारी या.” जिथे शब्दाला प्रत्यय लागला होता तिथे ऊकार आणि काना एकाच अक्षराला लोंबकळत होते. असलं अक्षर मराठीत अजून जन्माला आलेलं नाही.

माझे वडील शेजारी पेपर वाचत बसले होते. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते कोरेगावातच असतात, माझ्याजवळ. त्यांनी सहज प्रूफचं पहिलं पान उचललं. अर्पणपत्रिका त्यांच्या नावे होती. त्यांचं नाव दादासाहेब. आमच्या भागात हे पाळण्यातलं नाव असतं, हुद्दा नव्हे.

“विशाखा, हे दादाप्रभू कोन गं?”

“तुमीच की.”

त्यांनी चष्मा सारखा करून परत वाचलं. “आयुष्यभर देव मानला न्हाई, आन् म्हातारपणी पोरीनं मलाच देव करून ठेवलं व्हय.”

ते बराच वेळ हसत होते. मला हसू येत नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं.

मी अनुवादक आहे. पोलिश भाषेतून मराठीत आणि इंग्रजीत करते. यावर पोट भरतं का, असं लोक विचारतात. कवितेवर भरत नाही. पंप, बॉयलर आणि बेकरीची मशिन्स कशी चालवायची त्याच्या पुस्तिकांवर भरतं. डिप्लोमा करून मी पुण्याच्या एका कंपनीत लागले, तिचं पोलंडमधल्या कंपनीशी काम होतं, म्हणून मला तिकडे पाठवलं. काही वर्षं राहिले. भाषा शिकले. परत येताना एका बाईंचं पुस्तक बॅगेत टाकून आणलं. बाईंचं नाव यादविगा. आडनाव मराठीत लिहिलं तर अर्धी ओळ खातं, म्हणून नावावरच भागवते. त्यांनी सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत केली. पुस्तक लहानसं आहे. अर्ध्या कविता, अर्धे निबंध. विषय एकच, देव.

पण हा देव पुस्तकांच्या दुकानात ‘अध्यात्म’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटातला नव्हे. पोलंडमध्ये गावोगावी चर्च आहे, पोराटोरांना प्रार्थना तोंडपाठ असतात. त्याच देशानं युद्ध बघितलं, मग एकाच पक्षाचं राज्य बघितलं. मोठमोठे गुळगुळीत शब्द ज्यानं त्यानं वापरून झिजवले. त्यामुळे तिथल्या अलीकडच्या चांगल्या कवींचा असल्या शब्दांवर विश्वास उरलेला नाही, आणि तरीही देवाशी बोलणं त्यांनी सोडलेलं नाही. त्यांनी ते बोलणं वेदीपासून उचललं आणि बाकावर, रांगेत, खिडकीपाशी आणून ठेवलं. यादविगाबाईंचा एक निबंध नुसता पावाच्या रांगेवर आहे. पाव आलाय की नाही माहीत नाही, दुकान उघडेल की नाही माहीत नाही, पण माणूस जागा सोडत नाही. बाई लिहितात, प्रार्थनेचे शब्द मला चर्चनं शिकवले, पण ती करायची कशी हे रांगेनं शिकवलं.

आता त्या शब्दाकडे येते. पोलिशमध्ये ‘पान’ असा शब्द आहे. खायचं पान नव्हे. डॉक्टर, पोस्टातला माणूस, रस्त्यातला अनोळखी, कुणालाही आदरानं हाक मारायची तर पान म्हणतात. परमेश्वरालाही पानच म्हणतात, धनी या अर्थानं. मात्र प्रार्थना करताना तिथली माणसंसुद्धा देवाला आपल्यासारखं ‘तू’ म्हणतात. यादविगाबाई तसं म्हणत नाहीत. त्या देवाला खिडकीपलीकडच्या माणसासारखं अहो-जाहो करतात. ‘प्रोशे पाना.’ म्हणजे अहो साहेब, जरा ऐकता का. तेच शब्द शब्दशः घेतले तर ‘मी परमेश्वराला विनवते’ असाही अर्थ निघतो. सगळं पुस्तक या एवढ्या जागेवर उभं आहे. बोलणारी बाई डॉक्टरशी बोलते आहे की देवाशी, ते शेवटपर्यंत कळत नाही. तिलाही कळत नाही.

या शब्दाला मराठी शब्द मला कितीतरी दिवस सापडत नव्हता. महाशय नाटकी वाटायचा, मालक भलतीकडेच जायचा, धनी जुना झाला. मग एकदा आई आठवली. मी शाळेत असताना माझा धाकटा भाऊ आजारी पडला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात आई दिसेल त्या पांढऱ्या कोटाच्या मागे जायची. “साहेब, जरा बगता का. आवं साहेब.” वॉर्डबॉयलाही ती साहेबच म्हणत होती. नेमकं कोण बघणार हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून कुणालाच कमी लेखून चालणार नव्हतं. भाऊ वाचला नाही. आमचं घर बौद्ध. देव नव्हता, नवस नव्हते. आईला मागायला साहेबाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तो शब्द मी त्या व्हरांड्यातून उचलून पुस्तकात ठेवला होता. तो कुणीतरी मला न विचारता पुसून टाकला होता, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

सांगलीला प्रकाशकाच्या ऑफिसात फोन लावला. संतोष ऑपरेटरनं उचलला. कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायचं काम त्याच्याकडे असतं.

“संतोष, माझ्या पुस्तकात हे प्रभू कुठून आले?”

“वसंतराव सरांनी सांगितलं मॅडम. साहेब काढा, प्रभू घाला म्हणाले. मी रिप्लेस ऑल मारलं.”

रिप्लेस ऑल म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, हा शब्द दिसेल तिथे तो शब्द घाल. कॉम्प्युटर आज्ञाधारक असतो. साहेब एकटा उभा आहे की डॉक्टरला चिकटलाय, हे तो विचारत बसत नाही.

“आणि नंतर वाचून बघितलंस का?”

“वाचायचं काम आमच्याकडं नसतंय मॅडम. उद्या सकाळी फाइल छापायला जायची हाय. तुमचं ओके सांगा.”

ओके सांगायच्या ऐवजी मी सांगलीची गाडी पकडली. वाटेत खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही. मी मनातल्या मनात वसंतरावांशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी जिंकत होते.

वसंतराव म्हणजे मराठीचे निवृत्त प्राध्यापक, या प्रकाशनाचे संपादक. माझ्या पुस्तकाला प्रस्तावना त्यांचीच. प्रकाशक बाळासाहेब कडेगावचे. ऊस, कारखान्याचं राजकारण आणि पुस्तकं, असे त्यांचे तीन नाद. पुस्तकं ते छापतात, वाचतात असा आरोप कुणी केलेला नाही. मी पोचले तेव्हा दोघं चहा पीत होते.

“सर, प्रभू कुणी घातला?”

“मी घातला. या, बसा की.” वसंतरावांनी माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. “विशाखाबाई, अनुवाद उत्तम झालाय. फक्त एका शब्दानं पातळी खाली जात होती. परमेश्वराला साहेब? तो काय तहसील ऑफिसात बसतो?”

“या पुस्तकात बसतो.”

“मूळ शब्दाचा अर्थ प्रभू असाच आहे. मी डिक्शनरी बघितली आहे.”

“डिक्शनरीत पहिला अर्थ काय दिलाय?”

“पहिला मिस्टर आहे. पण इथला संदर्भ आध्यात्मिक आहे ना.”

मी प्रूफ उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. “मग इथे राउंडला कोण आलंय ते वाचा.”

त्यांनी वाचलं. पुढचं पान वाचलं. त्यांचे कान लाल झाले. “हा संतोषचा गाढवपणा आहे,” ते म्हणाले. “सोपं आहे. जिथे माणूस आहे तिथे साहेब ठेवा, जिथे देव आहे तिथे प्रभू करा. झालं समाधान?”

समाधान कसलं? वरून बघितलं तर तडजोड शहाणपणाची होती. पण एका शब्दाचे दोन शब्द केले की कवितेत दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला जे कळत नाही ते वाचकाला आयतं कळणार. मग राहिलं काय त्या कवितेत?

“सर, कुठे माणूस आणि कुठे देव, हे ठरवणार कोण?”

“मी संपादक आहे. मी ठरवीन.”

“ज्या बाईनं लिहिलं तिनं ठरवलेलं नाही. मीही नाही. आणि तुम्ही चहा पिता पिता ठरवून मोकळे?”

वसंतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि अगदी मायेनं म्हणाले, “राग मानू नका विशाखाबाई. पण तुमच्याकडे देव ही गोष्टच नाही ना. त्यामुळे प्रभू या शब्दातली आर्तता तुम्हाला जाणवणार नाही. त्यात तुमचा दोष नाही.”

मी राग मानला. हे ‘तुमच्याकडे’ मला लहानपणापासून पाठ आहे. ते शिवी होऊन कधीच येत नाही. चहा-बिस्किटाबरोबर येतं, कौतुकात गुंडाळून येतं. तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे कुणी उघड बोलत नाही, आणि आपण चिडलो तर ‘अहो, मी कुठे काय म्हणालो’ म्हणायला समोरचा मोकळा. भाषा शिकले मी, तिकडच्या थंडीत राहिले मी, एकेका ओळीपायी महिने घातले मी, आणि देवाबद्दल बोलायचा परवाना मात्र यांच्या खिशात.

“सर, माझा भाऊ गेला तेव्हा आई दवाखान्यात साहेब, साहेब करत फिरत होती. त्या हाकेत आर्तता नव्हती असं म्हणायचंय तुम्हाला?”

“तसं नाही हो.”

“मग कसं? तुम्ही ज्या दारात उभं राहून प्रभू म्हणता ते दार तुमच्यासाठी कायम उघडं होतं. तिला कुठलंच दार उघडेल याची खात्री नव्हती. तरी ती हाक मारत राहिली. आर्तता मला शिकवू नका.”

आवाज चढला होता. बाहेर संतोषचा कीबोर्ड थांबला. वसंतरावांनी बिस्किटांची बशी परत स्वतःकडे ओढली.

बाळासाहेबांनी मघाशीच प्रूफ स्वतःकडे ओढून घेतलं होतं. ते त्याची पानं चाळत होते. चाळता चाळता ‘प्रकाशकाचे मनोगत’ आलं आणि ते खाली सहीच्या जागेवर अडकले.

“संतोष, हिकडं ये जरा. हे काय हाय रं?”

संतोष आत आला. सहीच्या जागी ठळक अक्षरात ‘बाळाप्रभू’ असं छापलं होतं.

“माझं बारसं कुनी केलं?”

“सरांनी सांगितलं म्हणून…”

“कारखान्यावर कुनी वाचलं तर उद्या माझ्या फोटोला हार घालतील की रं.”

देवावरून आम्ही दोघं एवढे भांडत होतो तेव्हा या गृहस्थांनी मान वर केली नव्हती. स्वतःच्या नावाला धक्का लागल्याबरोबर मालक जागे झाले. याचाही मला संताप आला. पण तो मी गिळला, कारण आता कुठे काम होण्याची आशा दिसत होती.

“ताई,” बाळासाहेब म्हणाले, “ह्यातली एक कविता वाचा बरं. काय म्हनतीया बाई, ऐकू तरी दे.”

मी वाचली. प्रूफमधली नव्हे, माझ्याजवळची.

साहेब, जरा बघता का.
कोपऱ्यातल्या खाटेवर माझा मुलगा आहे.
मघाशी एक साहेब आले, म्हणाले,
दुसरे साहेब येतील.
मी बाकावरून उठलेली नाही.
आपण आलात तर ओळखू कशी,
सगळ्यांचेच कोट पांढरे आहेत.

बाळासाहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः एकदा वाचला आणि परत दिला.

“ह्यात वंगाळ काय हाय? सर, आमच्या कारखान्याच्या सभेला या एकदा. लोक चेअरमनला देवमाणूस म्हनत्यात, देव म्हनत्यात, सरळ पाया पडत्यात. तवा कुनाची पातळी खाली जात न्हाई. साहेबाला देव म्हनल्यालं चालतंय, मग देवाला साहेब म्हनलं तर काय बिघडलं?”

वसंतरावांनी एकदा दाराकडे बघितलं आणि बिस्किट उचललं. मला वाटतं, चेअरमनची माणसं पुढच्या खोलीत बसलेली असावीत.

“संतोष, जसं हुतं तसं कर,” बाळासाहेब म्हणाले, आणि फोन आला म्हणून उठून गेले.

इथे गोष्ट संपली असती, पण संतोषनं ‘जसं होतं तसं’ कसं केलं ते ऐका. त्यानं परत रिप्लेस ऑल मारलं, या वेळी उलटं. प्रभू दिसेल तिथे साहेब. जुनी फाइल ठेवलेली नव्हतीच. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या पानापासून तपासायला घेतलं. डॉक्टरसाहेब राउंडला आले, ठीक. साहेब रजेवर गेले, ठीक. हा प्रभू रजेवर असलेलाच बरा होता, असं वडील म्हणाले असते. मग वसंतरावांची प्रस्तावना आली. शेवटची ओळ अशी झाली होती: “हे शब्दपुष्प साहेबचरणी अर्पण करून माझी लेखणी थांबवतो.”

संतोषनं तोंडावर हात धरला. मी ती ओळ परत एकदा वाचली.

खरं सांगते, ती ओळ तशीच सोडावी असं फार वाटलं. नुसतं बोट हलवायचं नाही, एवढंच करायचं होतं. उद्या सकाळी फाइल गेली असती, पुस्तक छापून आलं असतं आणि वसंतराव आयुष्यभर साहेबचरणी राहिले असते. दोष रिप्लेस ऑलचा. माझ्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं.

“मॅडम, राहू दे का?” संतोष हळूच म्हणाला.

“नको. प्रभूचरणी कर.”

“खरंच?”

“त्यांनी तो शब्द लिहिलाय. त्यांचा आहे. माझा खोडला म्हणून मी त्यांचा खोडायचा का? कर नीट.”

हे मोठेपणानं केलं असं समजू नका. दात-ओठ खात केलं. पण प्रूफ वाचायला बसलं की ज्याचा शब्द त्याच्याकडे परत गेला पाहिजे, हा धंद्याचा नियम आहे, आणि तो फक्त आवडत्या माणसांसाठी नसतो. संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक शब्द शोधून हातानं लावला. वडिलांचं दादासाहेब जागेवर आलं. बाळासाहेबही जागेवर आले.

महिन्याभरात सांगलीतल्याच एका छोट्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. कव्हरवर समई होती. ती मला आधी कुणी दाखवली नव्हती. पोलंडमधल्या हॉस्पिटलच्या खिडकीत काम केलेल्या बाईच्या पुस्तकावर समई कशाला, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रत्येक लढाई लढत बसलं तर बॉयलरच्या पुस्तिका कोण करणार? आत शब्द शाबूत आहेत ना, मग असू दे समई.

भाषणं झाली. बाळासाहेबांनी पोलंडचं नाव दोनदा हॉलंड घेतलं. मग वसंतराव उठले आणि म्हणाले, या संग्रहातली एक कविता मी आपल्याला वाचून दाखवतो. त्यांनी नेमकी तीच निवडली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणसाला पटलं शेवटी. त्यांनी पुस्तक उघडून समोर धरलं, डोळे अर्धवट मिटले आणि सुरू केलं.

“प्रभू, जरा बघता का.”

आवाज घोगरा, भिजलेला. फार सुंदर वाचत होते. ‘मघाशी एक साहेब आले’ इथे तरी ते अडखळतील असं वाटलं. अडखळले नाहीत. ‘एक सेवक आले’ असं करून पुढे गेले. जागच्या जागी, स्टेजवर, लोकांसमोर. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी हात जोडले. एका आजोबांनी मान डोलवली. समोर छापलेलं पुस्तक उघडं, त्यात साहेब आणि साहेबच, आणि तोंडातून प्रभू. म्हणजे मी संतोषशेजारी संध्याकाळपर्यंत शब्द वेचत बसले होते ते कागदावरच. तोंडी फाइल यांच्याच ताब्यात होती.

मी उभी राहिले.

“सर, छापलंय ते वाचा.”

बाळासाहेब छताकडे बघायला लागले. कुणीतरी मागून “बसा हो ताई” म्हणालं.

“बसत नाही. कविता माझ्या नावानं छापली आहे आणि ज्या बाईनं लिहिली तिला मराठी येत नाही. तिच्या वतीनं मीच बोलणार. सर, पहिल्या ओळीपासून वाचा.”

वसंतरावांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. एवढ्या माणसांत एका बाईनं आपल्याला उभं केलं, आणि आता तिचं ऐकण्यावाचून इलाज नाही, असा तो चेहरा. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि परत सुरुवात केली. या वेळी आवाजात ओल नव्हती, कंप नव्हता. चिडलेला, कोरडा, अपमान गिळलेला आवाज होता.

“साहेब, जरा बघता का.”

कुणी हात जोडले नाहीत. आजोबांची मान थांबली. ते एकेक ओळ वाचत गेले, आणि शेवटच्या ओळीला आले तेव्हा मागची कुजबुजही बंद झाली होती. ज्याच्यापुढे वाकायची इच्छा नाही, पण मागितल्याशिवाय गत्यंतर नाही, अशा माणसासमोर उभं राहून बोलावं तसं त्यांनी वाचलं. पोलिशमध्ये ती कविता अगदी अशीच वाजते. मी स्वतः इतकी बरोबर कधी वाचलेली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे न बघता जाऊन बसले. टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या.

पुस्तक छापून हातात आलं की अनुवादकाचं काम संपतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. संपत नाही. आपल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला जावं, पुढच्या रांगेत बसावं, आणि उठायला अडचण होणार नाही अशी कडेची खुर्ची धरावी.